सोयरिकीचा रस्ता

विहीणबाई, बातमी आहे. मोठी आहे. पण बातमी लगेच सांगायची नसते हे मी तुमच्याकडूनच शिकलेय. तुम्ही फोन करायचात, "एक गंमत सांगायचीय" म्हणायचात, आणि मग आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, नंतर साताऱ्याच्या थंडीची, मध्येच तुमच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि मी इकडे नुसती तळमळत बसायचे. आज तुम्ही तळमळा.

तेराव्याचं गोडाचं जेवण परवा झालं. आलेगेले पांगले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी असं बोलत राहू नये, जीव अडकून राहतो. अडकून राहणाऱ्यातल्या तुम्ही नव्हेत. विरारच्या सिग्नललासुद्धा कधी थांबला नाहीत.

आपली ओळख पायापासून झाली. केतकी आणि निनादच्या लग्नात, आगाशीच्या त्या हॉलमध्ये, तुम्हाला पाटावर बसवलं होतं आणि मुलीची आई म्हणून मी तुमचे पाय धुणार होते. त्याआधी कुजबुज झालीच होती. नवरा नसलेल्या बाईनं कसे विहिणीचे पाय धुवायचे, जाऊबाईंना पुढे करा. तुम्ही पाटावरूनच म्हणालात, "मुलगी ज्यांनी वाढवली त्याच धुतील. नाहीतर राहू द्या, माझे पाय स्वच्छ आहेत." विषय तिथेच मिटला. मी तांब्या घेऊन वाकले, तुम्ही पैठणी जराशी वर उचललीत, आणि उजव्या पोटरीवर, आतल्या बाजूला, मला तो दिसला. चेनचा काळा डाग, दात्यांच्या नक्षीसकट.

सायकल चालवणाऱ्या माणसाला हा डाग ओळखायला चष्मा लागत नाही. मी मान वर केली. तुम्ही हळूच म्हणालात, "पानं कमी पडली हो सकाळी. वाडीत जाऊन घेऊन आले. घाईत चेन लागली." मुलाच्या लग्नाच्या दिवशी वरमाय सायकलवरून केळीची पानं आणायला गेली होती!

"साबणानं नाही जायचा," मी म्हणाले. "खोबरेल लावावं लागतं."

तुम्ही माझ्याकडे टक लावून बघितलंत. "तुम्हीपण?"

"मीपण."

आणि मग आपल्याला जे हसू फुटलं! तांब्या कलंडला, पाणी पाटाखालून थेट गुरुजींच्या पोथीपर्यंत गेलं, आणि तुमचे पाय कोरडे ते कोरडेच. माझ्या जाऊबाई त्या दिवसापासून म्हणत होत्या, विहिणीचे पाय धुवायचे राहिले, केतकीला सासुरवास होणार. कसला सासुरवास! तुम्ही तिला पंक्चर काढायला शिकवलंत.

तुम्हाला एक गोष्ट तेव्हाही सांगितली नाही, नंतरही नाही. केतकीचे बाबा गेल्यानंतर मी इतकं पोटभर पहिल्यांदाच हसले ते त्या पाटासमोर. लेक सासरी चालली होती आणि मला वाटत होतं, मला कुणीतरी मिळालंय.

कुठल्याही गावी पाहुणी म्हणून गेले की मला आधी सायकलचे रस्ते लागतात, देवळं आणि दुकानं नंतर. केतकीकडे यायचं तर सायकल घेऊनच. चाकं काढायची, गोधडीत गुंडाळायची, एसटीच्या डिकीत घालायची, आणि बोळिंजला सातव्या मजल्यावर नेऊन तिच्या दिवाणखान्यात जोडायची. पातळ टायरची, वाकड्या हँडलची माझी सायकल बघून तुम्ही म्हणाला होतात, "हिला घरी काही खायला घालता का नाही?" त्या दिवसापासून तिचं नाव हडकुळी.

पहिल्या खेपेला मी माझ्या पद्धतीनं गेले. जन्मभर पाटबंधारे खात्यात बसून नकाशे काढलेली बाई मी, माझा विश्वास रेघेवर. फोनमध्ये एक नकाशा असतो, जिथून सायकलवाले जास्त जातात तिथे गडद रेघ दिसते. बोळिंजहून निघून, पूल ओलांडून, पूर्वेकडे जाणारी एक छान जाडजूड रेघ होती. रविवारी सकाळी मी खुशीत निघाले. त्या रेघेवरचे सायकलवाले बहुधा कोंबडा आरवायच्या आत जात असावेत, कारण मी तुळिंजला पोचले तेव्हा तिथे रस्ता नव्हताच, बाजार होता. पुढे मेथीची हातगाडी, मागे कोंबड्यांचा टेम्पो, आणि एका बाईनं आपली पिशवी हडकुळीच्या हँडलला अडकवून निवांत भेंड्या निवडायला घेतल्या होत्या. शेजारचा रिक्षावाला मला म्हणाला, "आंटी, अब चलाने का टाइम गया. उठा के लेके जाओ."

उचलून घेऊन आले. घरी येऊन तुम्हाला फोन केला तर तुम्हाला बोलवेना.

"तुळिंजला? रविवारी? विहीणबाई, तिथं आम्ही पायी पन जात नाही!"

हसताना आणि चिडताना तुमचा 'ण' पळून जायचा. एरवी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायचात. शाळेतल्याच बाई होतात म्हणा, सगळी आगाशी तुम्हाला सायकलवाल्या बाई म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुम्ही बिल्डिंगखाली हजर. पंजाबी ड्रेस, रबरी चपला, काळी लेडीज सायकल, पुढे वायरची टोपली, गियर नाहीत, हेल्मेट नाही. मी हेल्मेट, हातमोजे, चष्मा, पाण्याच्या दोन बाटल्या. वॉचमननं दोघींकडे बघितलं आणि सलाम तुम्हाला केला. मी खिशात ठेवलेली ताकदीची वडी दाखवली तेव्हा तुम्ही टोपलीतून एक पुडी काढलीत. सुकेळी. आगाशीची वाळवलेली केळी, मधासारखी चिकट. "ही खा. त्या वडीत काय ते बनवणाऱ्याला पन माहीत नसेल."

त्या सकाळी निर्मळच्या तळ्यापाशी तुम्ही अचानक ब्रेक मारलात. कडेला एक म्हातारी अळूच्या जुड्या बांधत होती. मला वाटलं अळू घेताय. तुम्ही विचारलंत, "मावशी, लेक कुठं दिली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओळख ना देख, असं कुणाला विचारतात? पण म्हातारीचा चेहरा असा उजळला! लेक भुईगावला दिलीय, जावई चांगला आहे, नातू दांडगट आहे. आणि तुम्ही सगळं ऐकून घेऊन शेवटी साधा प्रश्न टाकलात, "तिच्याकडं जाता कशा?"

"आतनंच की. या विहिरीकडनं वळायचं, क्रूस लागंल, तिथनं डावीकडं."

विहीणबाई, तो रस्ता! दोन्हीकडे केळी, पोफळी, मध्ये गुळगुळीत काँक्रीटची पट्टी, एक गाडी जेमतेम मावेल एवढी. डोक्यावर फांद्यांचं छत. कुठे चाफ्याचा वास, कुठे चुलीवर तापणाऱ्या पाण्याचा. वळणावळणावर पांढरे क्रूस, पायाशी झेंडूच्या माळा. एक खड्डा नाही, एक हॉर्न नाही. हडकुळी अशी पळायला लागली की मी ओरडायलाच लागले. हो, ओरडले. साठीला आलेली बाई, सकाळी सकाळी लोकांच्या वाड्यांमधून "अहाहा" करत चाललेली. वसईच्या किल्ल्याला पोचेपर्यंत मी तुम्हाला विचारत होते, हा नकाशावर का नाही, हा नकाशावर का नाही.

किल्ल्याच्या भिंतीला सायकली टेकवून तुम्ही सांगितलंत. आमच्याकडे लेकी लांब देत नसत, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्याच लांब. आणि लेकीकडे जाणारी आई कधी मोठ्या रस्त्यानं जात नाही. जाताना डोक्यावर टोपली असते म्हणून सावली बघते. येताना डोळे पुसत यायचं असतं म्हणून गर्दी टाळते. "नव्या गावात गेलात ना, की रस्ता विचारू नका. लेक कुठे दिली ते विचारा. चांगला रस्ता आपोआप कळतो."

मी तेव्हाच वाद घातला. दिली काय दिली? लेक काय कढईतली भाजी आहे, वाटी भरून शेजारी द्यायला?

"बरं, पाठवली म्हना. रस्ता तोच राहतो."

हा वाद आपण किती वेळा घातला असेल! अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वडापाव खाताना, वज्रेश्वरीच्या रस्त्यावर चढाला धापा टाकताना, मुक्कामाला साताऱ्याला आलात तेव्हासुद्धा. साताऱ्याला तर मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला यवतेश्वरच्या घाटात नेलं. दोन वळणांत तुम्ही खाली उतरलात, सायकल ढकलत चालू लागलात, आणि मी पुढे जाऊन वरून हात हलवला. जरा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. सपाटीवर दर वेळी तुम्ही मला मागे टाकायचात. पण मी खाली येऊन बघते तर तुम्ही एका मोळीवाल्या बाईबरोबर कठड्यावर बसलेल्या. तिची लेक माहुलीच्या पलीकडे दिलेली. संध्याकाळी तुम्ही मला माझ्याच गावात कृष्णेच्या काठानं उसातून जाणारा असा रस्ता दाखवलात, जो मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्या भागाचा नकाशा मी स्वतःच्या हातानं काढलेला! तुम्ही नुसत्या गुणगुणत होतात. ते गुणगुणणं फार झोंबलं मला.

आता पैजेचं सांगते, कारण बातमी तिच्यातूनच आली आहे.

आपली वसईची फेरी तशी पक्की झाली होती, पण येताना निर्मळ ते आगाशी एवढा तुकडा बसच्या रस्त्यानं यावं लागायचं. धूळ, खडीचे डंपर, रिक्षा. एवढी देखणी फेरी आणि शेवटी तोंडात माती. मला ते सलायचं. रेघ जुळली पाहिजे म्हणजे पाहिजे. तुम्ही म्हणायचात, आतून रस्ता आहे. मी म्हणायचे, असता तर कुठेतरी दिसला असता. मागच्या खेपेला मी एकटी शोधायला गेले. एक गल्ली छान आत आत जात राहिली, मी हुरळून गेले, आणि टोकाला लोखंडी फाटक. आत केळी, कडी लावलेली. मी सायकल वळवली आणि विजयी मुद्रेनं तुमच्याकडे आले.

"फाटकापर्यंत गेलात?"

"गेले. बंद आहे. खाजगी आहे. रस्ता संपला."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि चहात साखर ढवळत राहिलात.

त्या 'बरं'वर मी पेटले. पैज लावा म्हणाले. रस्ता निघाला तर लग्नात राहिलेले तुमचे पाय मी धुवीन. तुम्ही म्हणालात, "आनि नाही निघाला तर मी तुमचे धुवीन, आगाशीच्या बाजारात, बसस्टॉपसमोर." मुलाच्या आईनं मुलीच्या आईचे पाय धुवायचे, तेही भर बाजारात! आपले भाऊ, म्हणजे तुमचे यजमान, पेपरातून डोकं काढून म्हणाले, "तिकीट लावा, वाडीचा वर्षाचा खर्च निघेल."

"मग दाखवा ना रस्ता," मी म्हणाले.

"मी नाही दाखवणार. फाटकाशी कुणी ना कुणी असतं. तुम्ही विचारा."

"मी कशी विचारणार? मी इथली पाहुणी."

तेव्हा तुम्ही चिडलात. खरंच चिडलात, 'ण' गेला. "पाहुनी! लेक दिलीय इथं. पुढच्या दारानं येता, बेल वाजवता, बूट जोडीनं लावून ठेवता. ते बूट बघितले की मला वाटतं पंचायतीतनं कुनी आलंय तपासनीला. किती वर्षं पाहुनी राहनार?"

आमच्याकडे लेकीच्या घरी आईनं अंग चोरूनच राहायचं असतं, चार दिवसांच्या वर राहिलं तर आपल्यालाच आपलं ओझं वाटायला लागतं. आणि तुमच्या घरी तर मी व्याह्यांकडे आलेली. मी रस्ते विचारायचे ते तुमच्या आडोशानं. तुम्ही "लेक कुठे दिली" विचारायचात आणि मी मागे उभी राहून टायरची हवा बघत असल्याचं नाटक करायचे.

या खेपेला आले तेव्हा ठरलं, रविवारी निकाल लावायचा. शनिवारी दुपारी तुमचा फोन, "उद्या तुम्हाला फाटकाशी उभी करते आनि बघते विचारता का नाही." त्यानंतर तुम्ही सायकल काढून बाजारात गेलात. सुकेळी आणलीत. घरी येऊन मागच्या दाराशी सायकल टेकवलीत, पायरीवर बसलात, भाऊंना म्हणालात, जरा पाणी द्या. भाऊ पाणी घेऊन आले तेवढ्यात तुम्ही गेल्या होतात.

मला राग आला, विहीणबाई. रडू नंतर आलं, आधी रागच आला. उद्या सकाळी जायचं ठरलेलं असताना असं कुणी जातं का?

रविवारी, बरोबर आपल्या निघायच्या वेळेला, बायका तुम्हाला आंघोळ घालत होत्या. मी कोपऱ्यात उभी. पुढे झाले तर कुणीतरी म्हणालं, विहिणीनं कशाला, त्यातून त्या अशा... पुढचं बोलणं पदरात राहिलं. दाराबाहेरून भाऊंचा आवाज आला. "पाय त्यांना धुवू द्या. त्यांच्याकडून धुवायचे राहिलेत."

म्हणून मी धुतले. तांब्या तोच होता की दुसरा, कुणास ठाऊक. तुमच्या टाचांना वाडीतली माती होती, ती हळूहळू सुटली. आणि उजव्या पोटरीवर तो होता. ताजा, काळाभोर, दात्यांच्या नक्षीसकट. शेजारची बाई म्हणाली, तिथं काळं लागलंय बघा, जरा चोळा. मी म्हणाले, ते पाण्यानं नाही जायचं, खोबरेल लागतं. आणि खोबरेल मागितलं नाही. डाग तसाच ठेवून मी तुमच्यावर हिरवी साडी सारखी केली. तेवढ्यापुरती ती खूण आपल्या दोघींचीच होती.

पण पैज हरले असं काही मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगत नाही, तुम्हाला रडकी माणसं आवडायची नाहीत. केतकी माझ्याशी बोलता बोलता तुमच्या फोनचा नंबर लावायची आणि खाली ठेवायची. हडकुळी दिवाणखान्यात भिंतीला टेकून. मी मनाशी ठरवलं होतं, तेरावं झालं की निघायचं. विहीण होती म्हणून इथे यायला एक निमित्त होतं, सोबत होती. आता लेकीच्या संसारात किती दिवस पाय पसरायचे? सगळ्या गावाशी माझं बोलणं तुमच्या तोंडून होतं. ते तोंडच मिटलं, मग मला इथे कोण ओळखतं? केतकी म्हणाली, "आई, राहा की अजून." मी म्हटलं, घरी कुंड्या वाळल्या असतील.

आज सकाळी चाकं काढायला बसले. गोधडी अंथरली, पाना घेतला, पुढचं चाक सैल केलं. आणि टोपलीतली ती सुकेळ्यांची पुडी, जी भाऊंनी माझ्या हातात दिली होती, ती समोर टेबलावर दिसली. मनात आलं, ही बाई आत्ता असती तर काय म्हणाली असती? "बरं" म्हणाली असती आणि चहा ढवळत बसली असती. मी चाक परत आवळलं.

वसईपर्यंत नाही गेले, सरळ निर्मळ गाठलं. गल्ली सापडली, आत आत गेले. फाटक तसंच, कडी तशीच. आत एक बाई जास्वंदी खुडत होती, कमरेला पिशवी, डोक्याला फडकं. आता किंवा कधीच नाही, असं म्हणून मी घसा साफ केला. तुमच्यासारखं सहज विचारायला गेले आणि परीक्षेतल्यासारखं बाहेर पडलं.

"ताई, तुमची लेक कुठं दिली?"

तिनं मला हेल्मेटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "का गो? सायकलवर सोयरीक घेऊन आलीस का काय?"

"नाही, नाही. रस्ता विचारायचा होता."

"मंग रस्ता विचार. लेकीचं काय काम?"

झालं! तुमची जगप्रसिद्ध पद्धत पहिल्याच चेंडूवर बाद. मला पळून जावंसं वाटलं. पण आता जीभ सुटलीच होती. मी म्हणाले, "माझी लेक इथे बोळिंजला असते."

"असते म्हंजे? कामाला हाय का दिलीय?"

इतक्या वर्षांचा आपला वाद, विहीणबाई. मी तो तिथेच सोडला. "दिलीय," म्हणाले.

"कोनाकडं?"

तुमचं आडनाव सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "सायकलवाल्या बाईंकडे."

तिनं कमरेची पिशवी सोडून खाली ठेवली. फाटकाशी आली, गजाला हात धरून माझ्याकडे बघत राहिली. "बाई गेल्या ना."

"गेल्या."

"माझ्या दोनी पोरी त्यांच्या हाताखाली शिकल्या." मी रडले, फाटकाच्या अलीकडे उभी राहून, हेल्मेटसकट. ती मला रडू देत होती. आणि मग एकदम तिचा आवाज चढला. "मंग भायेर काय उभी? ढकल ना फाटक! कडी ढोरांसाठी हाय, मान्सांसाठी नाय. आनि आत आलीस की लावून घे."

विहीणबाई, फाटकाला कुलूप नव्हतं हो! साधी कडी. हात घालून उचलायची. मी त्या दिवशी कडी बघितली आणि नकाशे काढणाऱ्या माणसासारखी 'बंद' असं लिहून मोकळी झाले.

आणि पुढे काय रस्ता आहे! तुम्हाला ठाऊक आहे, तरी ऐका. केळीच्या दोन रांगांमधून चिंचोळी काँक्रीटची पट्टी, मधे पाण्याचा एक पाट, त्यावर दगडी फरशी टाकलेली, हडकुळीचं टायर अगदी नेमकं जाईल एवढी. मग विड्याच्या पानांचा मांडव, आतून जाताना अंगभर हिरवा उजेड. पुढे एकामागून एक वाड्या, दर वाडीला फाटक, दर फाटकाला कडी. उघडा, आत या, लावा. उघडा, आत या, लावा. एका ठिकाणी एक कुत्रा धावून आला आणि पायाशी लोळायला लागला, त्यालाही बहुतेक तुमची सवय. मी परत ओरडत होते. रडत होते आणि ओरडत होते, मध्येच थांबून सुकेळी तोंडात टाकत होते. डोक्यात रेघ आपोआप जुळत चालली होती, निर्मळ मागे, आगाशी पुढे, बसचा रस्ता कुठे लांब पलीकडे भुणभुणतोय. शेवटचं फाटक उघडलं, लावलं, वळण घेतलं, आणि समोर विहीर. विहिरीशी पंप. दोरीवर वाळत घातलेलं ओळखीचं लुगडं. आणि भिंतीला टेकलेली तुमची काळी सायकल.

तुमच्या घराचं मागचं दार.

भाऊ पायरीवर बसले होते, त्याच पायरीवर, बशीत चहा ओतून. त्यांनी मला बघितलं. आश्चर्य वाटलंय असं मुळीच दिसलं नाही.

"फाटकांच्या कड्या लावल्यात?"

"लावल्या."

"मग या. चहा आहे." मी टेकल्यावर कप पुढे करत ते म्हणाले, "ती म्हणायची, विहीणबाई एक दिवस मागनं येतील बघा. मागनं आल्या की समजायचं, मी जिंकले."

केवढी हो तुम्ही लबाड! तो रस्ता तुमच्या परसातच निघत होता, आणि इतके दिवस मला पुढच्या दाराची बेल वाजवू दिलीत. मी विचारीपर्यंत थांबलात. मला राग यायला हवा होता. आला नाही. चहा फार गोड झाला होता, भाऊंना अजून अंदाज येत नाही, आणि मी तो सगळा प्याले. निघताना बघितलं तर माझे बूट पायरीखाली एक इकडे, एक तिकडे पडले होते.

तर ही बातमी. रस्ता आहे. आजची गाडी मी सोडली. केतकीला सांगितलंय, कुंड्यांना शेजारीण पाणी घालेल. रविवारी तिला घेऊन सगळी फेरी करणार आहे, आणि फाटकाशी ती बोलेल, मी मागे उभी राहून हवा बघेन.

पैज मी हरले, विहीणबाई. पाय मात्र आधीच धुवून बसले होते.